वाटूर फाट्यावरचा रुमाल

साडेदहाची परतूर गाडी जालना बसस्थानकातून पंधरा मिनिटे उशिरा सुटली. वाटूर फाट्यावर एसटीतून उतरणाऱ्यांना आतल्या गावांत जाण्यासाठी भाड्याच्या इलेक्ट्रिक स्कूटर ठेवल्या आहेत, असे कळले होते. त्या पाहायच्या होत्या.

फाट्यावर पोहोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. थांब्याशेजारी पत्र्याच्या शेडखाली दोन स्कूटर होत्या. एक बॅटरी उतरल्याने चार्जिंगला लावलेली. दुसरीच्या सीटवर चौकड्यांचा रुमाल पसरलेला.

माझ्याच गाडीतून सविता नावाची जालन्याची बाई उतरली. सहा किलोमीटर आतल्या माहेरच्या गावातून वडिलांना आणून तिला एकची परतीची गाडी गाठायची होती. तीन वाजता त्यांच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन होते आणि ही तारीख मोठ्या मुश्किलीने मिळाली होती. काळी-पिवळी (प्रवासी जीप) भरल्याशिवाय निघत नाही. तीत दोनच माणसे बसली होती.

मी मोबाइलवर पाहिले. "ॲपमध्ये तर ही मोकळी दाखवतेय."

"ॲपला काय कळतंय?" चहाच्या हॉटेलचे मालक धोंडीबा म्हणाले. "रुमाल हाय ना. शंकरमामाचा. सकाळीच जालन्याला गेल्ते. सांजच्याला उतरल्यावर गाडी पाहिजे म्हनून टाकून गेले."

"म्हंजी मामा यष्टीत (एसटीत) बी बसले अन् हितं बी," बाकावरून कोणीतरी म्हणाले.

"काढा तो रुमाल, वेळ जातोय," मी सविताला म्हणालो.

तिने हात लावला नाही. "न इचारता काढला तर उद्या माझ्या रुमालाला कोन मानंल, दादा?"

धोंडीबांनी मामांचा नंबर दिला. दोनदा फोन लागला नाही. एकची गाडी यायला पस्तीस मिनिटे राहिली होती. तिसऱ्यांदा लागला.

"मामा, सविता बोलून राह्यले. बाबांना आणायला तुमची गाडी..."

पलीकडचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. "अगं मंग जा की जल्दी! इचारत काय बसली? पर रुमाल बराबर जागेवर ठेव बरं."

ती गेली. मी भजी मागवली; ती खाताना लक्ष रस्त्याकडेच होते.

जालन्याची गाडी वेळेवर आली. स्कूटर दिसत नव्हती. थांब्यावरची सगळी गर्दी दाराकडे धावली. एका खिडकीतून आत रिकामी सीट दिसली. मी खिशातला रुमाल काढून तिच्यावर टाकला.

स्कूटर आली तेव्हा कंडक्टरने दार ओढून घेतले होते. धोंडीबांनी हाक मारून ते उघडायला लावले. मागे बसलेल्या वडिलांच्या डोक्याला उन्हासाठी मामांचा रुमाल बांधला होता. सविताने तो सोडला, झटकला, स्कूटरच्या सीटवर नीट पसरला आणि मगच वडिलांना गाडीत चढवले.

आत माणसे उभी होती. त्या सीटवर कोणी बसले नव्हते.

जालन्यात उतरताना तिने माझा रुमाल घडी करून परत दिला. "सव्वादोन वाजलेत," ती म्हणाली. "पोचतो आम्ही."

एसटी आणि स्कूटर यांची सांगड ॲपने घालावी, अशी योजना आहे. मी स्थानकातून पुन्हा एकदा ॲप उघडले. वाटूर फाट्यावरची ती स्कूटर मोकळी दिसत होती. संध्याकाळपर्यंत ती मामांचीच होती.