मागचे फूटरेस्ट

या सदरातले अनुभव मी आजवर हसत वाचले आहेत, हे आधीच कबूल करतो. अमावस्या, वडाचं झाड, पांढरी साडी... चहाबरोबर ठीक आहे. माझा यावर विश्वास नव्हता आणि खरं सांगायचं तर आजही नाही. छप्पन्नच्या धर्मांतरानंतर आमच्या बाबानं घरातले देव टोपलीत घालून पाताळगंगेत सोडले. मी तेव्हा रांगत होतो, असं आई सांगायची. त्यामुळे घरात ना नवस, ना अंगारा, ना भूत. आमच्या धम्मात आत्माच नाही, मग तो भटकणार कुठून? वस्तीतला पहिला ग्रॅज्युएट मी. बीएस्सी, केमिस्ट्री. जे मोजता येत नाही ते मी मानत नाही. पण एक गोष्ट अशी घडली की ती मी मोजायला गेलो आणि हात टेकले. ती लिहितो.

गोष्ट ऐंशीच्या आसपासची. आमचं गाव खालापूर तालुक्यात, चौकजवळ, माथेरानच्या डोंगराच्या पायथ्याला. बाबा माथेरानला हातरिक्षा ओढायचा. (आमच्यात बापाला अरेतुरेच करतात. लिहिताना मी ते बदलणार नाही.) माथेरानात मोटारीला बंदी. नेरळहून घाटानं वर आलेल्या गाड्या दस्तुरी नाक्यावर थांबतात. पुढं पायी, घोड्यावर नाहीतर रिक्षात. रिक्षाला एक जण पुढं दांड्यात, बाकीचे मागून रेटायला. बाबा पुढं. दिवाळीच्या आधी सीझन लागला की आमच्या गावामागच्या पाऊलवाटेनं तो डोंगर चढून जायचा आणि पावसाच्या तोंडावर त्याच वाटेनं उतरायचा. दांडा उचलला की गिऱ्हाइकाचं वजन सांगायचा — "शेठ, पंच्याऐंशीच्या वर हाय तुमी" — आणि शेठ लोक हसायचे. त्या वजनांवर मी शिकलो.

खोपोलीच्या एका कारखान्यात मी लॅबमध्ये लागलो आणि दोन वर्षांनी फटफटी घेतली. सेकंडहँड. आमच्याच कारखान्यातले एक इंजिनिअर बदलीवर चालले होते, त्यांची. अडीचशे सीसी, दोन सायलेन्सर, किकचाच दांडा पुढं पाडला की त्याचा गिअर होतो, तसली. साहेब एकटेच तिच्यावरून पार गोव्यापर्यंत जाऊन आलेले. लांबच्या प्रवासासाठी त्यांनी तिचं मोठं सीट काढून एकट्यापुरतं बसवलं होतं, मागं सामानाची पेटी ठोकली होती आणि मागच्या माणसाचे फूटरेस्ट कापून टाकले होते.

मला मात्र ती मागच्या माणसासाठीच हवी होती. जन्मभर लोकांना ओढणाऱ्या माणसाला एकदा कुणीतरी बसवून न्यायला हवं, आणि ते मी न्यावं. बेत असा होता — या साली सीझन संपला की बाबानं पाऊलवाटेनं उतरायचं नाही. मी दस्तुरीला जाणार, त्याला मागं बसवणार, नेरळ, कर्जत करत गावात आणणार. तेही वरच्या आळीतून, सगळ्यांच्या ओट्यांसमोरून.

म्हणून गाडी तशी दिसायला हवी होती. दर रविवारी मी खालापूर फाट्यावर दत्तू मिस्त्रीच्या गॅरेजात. सायलेन्सर काढून आतला कार्बन खरवडला, क्लचप्लेटा बदलल्या, नवी चेन टाकली. मग पुढं क्रॅशगार्ड, मोठा हेडलाइट. पेटी काढली. लांब सीट शिवायला टाकलं. टाकीला रंग.

"काय बीएस्सी," दत्तू म्हणायचा, "फटफटी सजवतोस का नवरी?"

"बाबाला बसवायचंय."

"मग आताच बसव की. चालतीय ना?"

"अशी? पत्रा दिसतोय सगळा."

"तुझ्या बापाला पत्रा दिसतोय का तुला दिसतोय रं?"

मिस्त्री लोकांना काय कळतंय, असं तेव्हा वाटलं.

बुद्धपौर्णिमेला बाबा दोन दिवस खाली आला. वस्तीतल्या विहाराचं सारवण, झेंडा, खीर... त्या सगळ्यात तो आधी माझी गाडी बघायला आला. नवं सीट आदल्याच आठवड्यात बसलं होतं. टाकीला नुसता प्रायमर, आणि मागचे फूटरेस्ट अजून मुंबईहून यायचे होते. बाबानं सीटवर तळहात फिरवला. दांडा धरून त्याचा तळहात लाकडासारखा झालेला; रेक्झिनवर खरखर आवाज आला.

"मऊ हाय," म्हणाला. मग जरा थांबून, "बसू का रं?"

मी म्हणालो, "आत्ता नको बाबा. मागं पाय ठेवायला काय नाय. पंधरा दिवसांत पुरी होते, मग बस ऐटीत."

खरं कारण वेगळं होतं. फूटरेस्ट नाहीत म्हणजे बाबाचे पाय दोन्हीकडं लोंबकळणार, ते चपला घातलेले, भेगा पडलेले पाय, प्रायमरच्या गाडीवर. वरच्या आळीतून जाताना कुणीतरी हसलं असतं. ते मला नको होतं.

बाबा हसला. "पायाचं काय घेऊन बसलास, लोंबतील," म्हणाला. "पर तू म्हंतोस तर तसं." दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तो पाऊलवाटेनं वर गेला. आईनं भाकरी बांधून दिली होती. मी अंथरुणातच होतो.

तेराव्या दिवशी निरोप आला.

दस्तुरीहून बाजाराकडं जाताना चढावर झालं. त्याच्या मागून रेटणारा बारकूकाका त्या वेळी तिथंच होता, त्यानं सांगितलं. "छातीत कळ आली असंल. पर आधी त्यानं दांडा हळू खाली टेकला. गिऱ्हाइकाला म्हणाला, जरा थांबा साहेब. आन् मग खाली बसला." दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. तिथून दस्तुरीपर्यंत त्याला त्याच्याच रिक्षातून आणला. बारकूकाका पुढं दांड्यात. बाबा रिक्षात बसला तो असा.

त्या दिवशी फूटरेस्ट माझ्या पिशवीत होते. सकाळीच पार्सल घेतलं होतं.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर दुसऱ्या दिवशी मी ते बसवले. का, ते सांगता येत नाही. काम अर्धं ठेवायची मला सवय नाही, एवढंच. नवीकोरी काळी रबरं, उभ्या खाचांची. दत्तूनं नट आवळले. टाकीला रंगही मारून दिला.

आता नीट वाचा, कारण इथून पुढं मला स्वतःलाच नीट सांगावं लागतं. मागच्या सीटवर मी कुणालाही बसवलं नाही. कारखान्यातले दोस्त चिडवायचे, "सीट लांब आणि मन आखूड." आईला एकदा विचारलं तर म्हणाली, "नको. आधी त्याचा मान होता." गाडी कुणाला चालवायलाही दिली नाही. रात्री घरात, दाराला कडी. घर ते कारखाना, कारखाना ते घर, मी एकटा. वजन माझं अठ्ठावन्न किलो.

पावसात पहिल्यांदा चेन सैल झाली. नवी चेन, त्यामुळे दत्तूनं ओढून दिली. दहा दिवसांत परत सैल. मग मागचे ब्रेकलायनर गेले. मग मागचा टायर मधोमध घासला, पुढचा तसाच. श्रावण संपता संपता दत्तूनं गाडी स्टँडवर लावली, मागचं चाक फिरवलं, शॉकअप दाबून बघितले आणि पुसणं खांद्यावर टाकत म्हणाला,

"कोणाला फिरवतोस रं?"

"कुणाला नाही."

"मला नको शिकवू. पोरगी असंल तर सांग, मी काय तुझ्या आईला सांगायला येत नाय. ही झीज दोन माणसांची हाय."

"शप्पथ नाही, दत्तू. मागं कुणी बसत नाही."

त्यानं खाली बसून मागच्या फूटरेस्टवर अंगठा फिरवला. "मग हे काय?"

रबराच्या खाचा गेल्या होत्या. वर्षभर कुणी पाय ठेवल्यासारखं गुळगुळीत. डावं सगळीकडून सारखं. उजवं मात्र नुसतं बाहेरच्या टोकाला झिजलेलं. आतलं टोक कोरं.

पुढचा दीड महिना मी कारणं शोधत राहिलो. रबर हलकं असेल. चिखल, दगड. शॉकअपची स्प्रिंग बसली असेल. दत्तू म्हणाला, "तू शिकलेला ना? चढव काट्यावर." चिडवायला म्हणाला होता, पण मी खरंच चढवली. आमच्या कारखान्यात ड्रम मोजायचा जमिनीतला काटा होता. जेवणाच्या सुट्टीत गाडी त्यावर घेतली, आधी रिकामी, मग मी बसून. दोनदा मोजलं. गाडीचं आणि माझं जेवढं व्हायला हवं तेवढंच. किलोचा फरक नाही.

मी खूश होऊन दत्तूला सांगायला गेलो. त्यानं बिडी विझवली. म्हणाला, "काट्यावर कशाला येईल तो. जन्मभर दुसऱ्याचं वजन वाहिलं त्यानं. आपलं कुणाला लावायचा नाय."

मी त्याच्यावर भडकलो. असल्या अडाणी गोष्टी माझ्यापुढं बोलायच्या नाहीत, म्हणालो. घरी आलो आणि पाट्यामागच्या कोनाड्यातून बाबाच्या चपला काढल्या. आईनं त्या ठेवल्या होत्या. उतारावर भरलेली रिक्षा आवरायला बाबा उजवा पाय आडवा रोवायचा. डाव्या चपलेचा तळ सगळीकडून सारखा झिजला होता. उजवीची नुसती बाहेरची कड गेली होती.

चपला हातात घेऊन मी गाडीशी उकिडवा बसलो होतो. आई मागं येऊन कधी उभी राहिली कळलं नाही. तिनं चपला बघितल्या, रबर बघितलं. घाबरली नाही. रडलीही नाही. पदरानं सीटवरची धूळ पुसली.

"दसरा होऊन गेला," ती म्हणाली. "आतापावेतो तो वर गेलेला असतो. सीझन लागला ना."

"आई, तूपण? आपण हे मानत नाय."

"मी कुठं मानते? जाऊन सोडून ये त्याला. तुला पेट्रोल किती लागंल?"

दुसऱ्या दिवशी तिनं फडक्यात दोन भाकऱ्या आणि सुकटीची चटणी बांधली. बाबाला बांधून द्यायची तशी, गाठ आतल्या बाजूला घेऊन. मी ती हँडलला अडकवली.

रविवार होता, सकाळचे नऊ-साडेनऊ. मी वरच्या आळीतून गेलो. मुद्दाम, आणि अगदी हळू. दोन-चार जण ओट्यावर होते, कुणी हसलं नाही, कुणी मान वरही केली नाही. चौक, मग कर्जत, मग नेरळ. भात कापणीला आलेलं, रस्त्यावर गवताचा वास. मी सपाटीला काही लक्षात घेतलं नाही, घेणार नव्हतोच. पण नेरळच्या पुढं घाट लागला आणि दुसऱ्या गिअरला गाडी दम टाकायला लागली. ही गाडी खोपोलीचा चढ मला घेऊन दुसऱ्यावर चढायची. पहिला टाकला. वळणांवर हँडल हलकं लागत होतं... मागं माणूस असला की लागतं तसं. मी मागं बघितलं नाही. बोललोही नाही. काय बोलणार होतो? 'कसं वाटतंय' विचारायचं होतं. घशापर्यंत आलं. पण मी बीएस्सी. रिकाम्या सीटशी बोलणारा माणूस व्हायचं नव्हतं मला. लाजेपायी पुन्हा तेच केलं मी, हे घरी परतताना कळलं.

दस्तुरीला झाडाखाली थांबलो. इंजिन बंद केलं. दोन्ही पाय जमिनीला टेकलेले, गाडी सरळ.

ज्यांनी फटफटी चालवली आहे त्यांना ठाऊक असेल — मागचा माणूस उतरला की शॉकअप सुटतात आणि गाडी किंचित वर येते. बोटभर. डोळे मिटले असले तरी कळतं.

गाडी वर आली.

नाक्यावर बारकूकाका रिक्षा घेऊन उभा होता. त्यानं हात केला. "मधू? एकटाच आलास व्हय?"

मला हो म्हणता आलं नाही. भाकरीचं फडकं त्याच्या हातात दिलं. त्यानं गाठ बघितली आणि फडकं रिक्षाच्या दांड्याला अडकवलं.

उतरताना गाडी इतकी हलकी होती की मला भीती वाटली. त्यानंतर ती मी आणखी सहा वर्षं वापरली. चेन वर्षातून एकदा ओढावी लागायची. नवी रबरं टाकली, ती विकेपर्यंत खाचांसकट होती. मागं मग सगळे बसले — आई, बहीण, पुढं बायको, कुणीही हात दाखवला तर कुणीही. जुनी दोन रबरं अजून माझ्याकडं आहेत. लॅबमधल्या एका जाणकाराला दाखवली. तो म्हणाला, माल खराब असेल. असेलही. चढाला पेट्रोलमध्ये कचरा आला असेल. शॉकअप कधीकधी उशिरा सुटतात. ही सगळी कारणं परत आल्यावर मीच दत्तूला दिली होती आणि तो माझी समजूत काढल्यासारखा मान हलवत होता.

एका गोष्टीचं मात्र अजून कुणाला विचारलेलं नाही. मागचा माणूस उतरताना पुढच्याच्या खांद्यावर हात टेकतो. माझ्या खांद्यावर हात आला नाही. मी वाट बघितली होती... अगदी बारकूकाकानं हाक मारेपर्यंत.

टेकला असता तर चाललं असतं, बाबा.