श्रद्धांजलीचं भाषण आणि आयकराचं रिटर्न

त्या सिस्टर माझ्या टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या, तो दिवस निवृत्तीनंतरही माझ्या मनातून गेलेला नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण इतक्या शांत आवाजात सांगितलेली तक्रार क्वचितच ऐकली. इथं मी कोणाचंही नाव घेणार नाही.

मी तेव्हा पारनेरला पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपली होती, रात्रपाळीचे लोक घरी निघाले होते. सिस्टर तालुक्यातल्याच एका आरोग्य केंद्रात नोकरीला होत्या. नवरा पूर्वीच वारलेला. एकुलता एक मुलगा जन्मापासून पायांनी अधू, तोही दोन वर्षांपूर्वी तापाचं निमित्त होऊन गेला होता. त्यांनी पिशवीतून आयकर खात्याचं पत्र काढून माझ्यापुढे ठेवलं. त्यांच्या रिटर्नमध्ये दिव्यांग मुलगा अवलंबून असल्याची सवलत घेतली होती. तिचा पुरावा द्या, नाहीतर रिटर्न दुरुस्त करा, असा मजकूर होता. ज्या वर्षाचं ते रिटर्न होतं, त्या वर्षी मुलगा हयातच नव्हता.

पत्र केंद्राच्या पत्त्यावर आलं, चारचौघांत फुटलं आणि दुपारपर्यंत गावभर झालं. बाईनं मेलेल्या पोराच्या नावावर टॅक्स वाचवला!

"साहेब, कर भरते, दंड भरते," त्या म्हणाल्या. "पन माझ्या लेकराचा मी धंदा केला न्हाई. एवढं तुमी शोधून काढा. न्हाईतर त्या गावात मला तोंड दाखवता यायचं न्हाई."

मला त्यांची दया आली, पण विश्वास बसला नाही. रडणारा खरा आणि न रडणारा खोटा असं मानणारा पोलीस फार टिकत नाही. उलट मानणाराही टिकत नाही. रिटर्न त्यांचं, खातं त्यांचं, रिफंडही त्यांच्याच खात्यात आलेला. संशयाचं पहिलं बोट कुठं जाणार?

"रिटर्न कोण भरतं?" मी विचारलं.

"भाऊ भरतेत. आमच्या सगळ्या स्टाफचं तेच भरतेत."

सगळे ज्याला भाऊ म्हणत, त्याचं नगरजवळ केडगावला पुणे रोडवर एका गाळ्यात ऑफिस होतं. तो सीए नव्हता. पूर्वी कुठंतरी हिशेब लिहायचा. कर्मचाऱ्यांची मासिक मीटिंग असली की तालुक्याला यायचा आणि फॉर्म सोळा, म्हणजे पगाराचे आणि कापलेल्या कराचे दाखले, पाकिटात गोळा करून न्यायचा. रिफंड अडकला, पॅन आधारला जोडायचं राहिलं, खात्याचा काही मेसेज आला, की सगळे त्याच्याकडे धावायचे. पासवर्ड त्याच्याकडे. पोर्टलवरचा मोबाईल नंबरसुद्धा त्याचाच, म्हणजे ओटीपीही त्याच्याच फोनवर. घर तुमचं, पण कुलूप त्याचं आणि किल्लीही त्याची! यात काही वावगं आहे असं एकालाही वाटत नव्हतं. "आपल्याला त्यातलं काय कळतंय," हे वाक्य मी त्या तपासात इतक्यांदा ऐकलं की शेवटी माझं डोकं फिरायला लागलं.

भाऊची आणखी एक ख्याती होती. तो कोणाचं लग्न चुकवायचा नाही आणि कोणाचा दहावा चुकवायचा नाही. हे ऐकून माझे कान टवकारले. इतक्या दहाव्यांना हजर राहणारा माणूस आमच्या जिल्ह्यात एक तर निवडणुकीला उभा राहणार असतो, नाहीतर त्याचं काहीतरी दुकान असतं.

तक्रार अर्जाची चौकशी सुरू केली. सिस्टरचं पासबुक मागवलं. भाऊनं 'फी' म्हणून घेतलेला वाटा सोडला, तर रिफंडची रक्कम जशीच्या तशी पडून होती. मी ते हेरलं आणि त्यांना पुन्हा बोलावलं. पैसे का काढले नाहीत?

"दरसाली रिफंड आला की त्याचे बूट घ्यायचो आमी. वाकड्या पायाला लागतेत तसले. आता कुनासाठी काढू?"

"म्हणजे हे पैसे मुलामुळं येतात, हे तुम्हाला ठाऊक होतं!"

माझा आवाज चढला होता. दारातला अंमलदार आत डोकावून गेला.

"पगारातनं कापलेलं परत येतं, एवढंच ठाऊक हुतं साहेब. कशामुळं येतं ते मी कधी इचारलंच न्हाई."

मी ते जबाबात घेतलं आणि समासात एक प्रश्नचिन्ह काढलं. उत्तर खरं असू शकत होतं. तितकंच ते तयार करून आणलेलंही असू शकत होतं.

सहकाऱ्यांचे जबाब घ्यायला गेलो तर एकेक जण नजर चुकवायला लागला. सिस्टरला सर्वांत जास्त नावं ठेवणाऱ्या एका महाशयांनी सरकारी क्वार्टरमध्ये राहून घरभाडं भरल्याचं दाखवलं होतं. विचारल्यावर ते म्हणाले, "भाऊंनी टाकलं असंल. आमाला काय म्हाईत?" रिफंड जास्त आला तेव्हा मात्र यांनी पेढे वाटले होते. चोराच्या उलट्या बोंबा त्या आवारात रोज ऐकू येत होत्या.

अशातच केडगावहून माझ्या एका जुन्या खबऱ्याचा फोन आला. "साहेब, तुमचा भाऊ गाळा खाली करतोय. कॉम्प्युटर टेम्पोत चढवलेत बगा. लई घाई चाललीय."

चौकशीचे कागद हाती होतेच. लगेच फसवणुकीचा गुन्हा दाखल करून घेतला, तिथल्या ठाण्याला कळवलं आणि पंच घेऊन निघालो. टेम्पो सुरू व्हायच्या आत आम्ही पोहोचलो. कॉम्प्युटर आणि मोबाईल जप्त केले, पंचनामा केला. भाऊ शांत होता. मला खुर्ची दिली, चहा मागवतो म्हणाला. गाळ्याचं भाडं वाढलं म्हणून जागा बदलतोय, असं त्याचं म्हणणं. छाप्याच्या वेळी ज्याला पाहुणचार सुचतो, त्याच्यावर मी डोळे झाकून संशय घेतो.

ठाण्यात आणून समोर बसवलं.

"पक्षकार सांगेल तसं मी भरतो साहेब," तो म्हणाला. "सिस्टरांनीच सांगितलं, दरवर्षीसारखं मुलाचं टाका म्हणून. मी काय लोकांच्या घरात डोकावायला जातो का?"

"मुलगा वारलाय, हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

त्यानं चेहरा पाडला, हात जोडले. "अरेरे! हे आत्ता तुमच्या तोंडून कळतंय मला. फार वाईट झालं."

त्याचं 'अरेरे' जरा जास्तच सफाईदार होतं. अशी सफाई सरावाशिवाय येत नाही, आणि तो सराव कुठं होतो हे मला चांगलं ठाऊक होतं. एकदा काष्टीला एका पुढाऱ्याच्या दहाव्याला मी बंदोबस्तावर होतो, तेव्हा कावळा पिंडाला शिवला तरी भाषणं संपेनात. आमच्याकडे दहावा माईकशिवाय होत नाही. नाव पुकारलं की माणूस उठतो, श्रद्धांजली वाहतो आणि जमलेल्या गावाला आपलं तोंड दाखवून जातो. सिस्टर बौद्ध; त्यांच्याकडे गेलेल्याच्या स्मरणार्थ होणाऱ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमातही वंदना झाली की माईक फिरतो. जो माणूस एकही दहावा चुकवत नाही, त्यानं सिस्टरच्या मुलाचा हा कार्यक्रम चुकवला असेल?

सिस्टरला विचारलं. "त्या दिशी मला कोन दिसत हुतं साहेब? नुसता आवाज येत हुता." पण त्यांच्या सख्ख्या भावानं कार्यक्रमाचं मोबाईलवर शूटिंग केलं होतं. पुन्हा बघायची हिंमत घरात कोणालाच झाली नव्हती.

मी ते भाऊसमोर लावलं. पांढरी वस्त्रं, मेणबत्त्या, हार घातलेला मुलाचा फोटो. एकामागून एक लोक बोलत होते. मग सूत्रसंचालकानं आदरानं एक नाव पुकारलं आणि इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात भाऊ माईकपाशी आला. गळा दाटून आल्यासारखा बोलला. "ताई, तुमचं लेकरू गेलं, पण तुम्ही एकट्या नाही. हा भाऊ तुमच्या पाठीशी उभा आहे."

मी शूटिंग थांबवलं. तोवर मी त्याला अहो-जाहो करत होतो.

"बोल आता."

त्यानं पाणी मागितलं. मग जे बोलला, ते ऐकून आमचा जुना हवालदारही लिहिता लिहिता थांबला.

"खोटा अपंग दाखवायचा तर सर्टिफिकेट बनवावं लागतं साहेब. हे खरं होतं. आधार खरा, सर्टिफिकेट खरं. रिफंड मोठा तेवढा माझा वाटा मोठा. मला वाटलं, कोण विचारणार?"

"आणि सिस्टर?"

"त्यांना कशाला विचारायचं? त्यांनी फक्त फॉर्म सोळा दिला."

मला त्या क्षणी त्याच्या कानफटात लावावीशी वाटली, हे मी लपवणार नाही. हात खिशात घातला आणि बाहेर जाऊन उभा राहिलो.

पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही, म्हणून पुढचं काम चिकाटीनं करावं लागलं. कॉल रेकॉर्ड मागवलं; रिटर्न भरलं त्या काळात त्याच्यात आणि सिस्टरमध्ये एकही बोलणं नव्हतं. आयकर खात्यानं याआधी पाठवलेले इशाऱ्याचे मेसेज त्याच्या जप्त मोबाईलमध्ये सापडले. सिस्टरला त्यानं त्यांचा पत्ताही लागू दिला नव्हता. मी समासातलं प्रश्नचिन्ह खोडलं. दोषारोपपत्र दाखल झालं आणि ते गावभर व्हावं याची मी स्वतः जातीनं काळजी घेतली.

माणसांवर संशय घेणं मी या प्रकरणानंतर सोडलं का? अजिबात नाही. उलट एक नवीन जागा कळली. संकटात मदतीला धावणाऱ्याचा हात धरावा, पण आपली किल्ली त्याच्या खिशात गेली नाही ना, हेही बघावं. रिटर्न दुसऱ्याकडून भरून घ्यायला हरकत नाही. पण मोबाईल नंबर आपला असावा आणि 'सादर करा' म्हणण्याआधी त्यात काय लिहिलंय ते विचारावं. विचारल्यावर ज्याला राग येतो, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये.

पुढं मी माझ्याच रिटर्नसाठी नगरमध्ये एका सीए बाईंकडे गेलो, तर सिस्टर तिथं बसलेल्या. पोर्टलवर आता त्यांचा स्वतःचा नंबर होता. त्यांचं दुरुस्तीचं रिटर्न चाललं होतं. अवलंबित व्यक्तीच्या रकान्यात मुलाची नोंद होती, आणि सीए बाई ती काढून टाकणार तेवढ्यात सिस्टर म्हणाल्या, "थांबा. मी काढते."

त्यांनी खुर्ची पुढं ओढली. मुलाचं नाव घेऊन चार शब्द हलकेच बोलल्या. मला नीट ऐकू आले नाहीत, आणि ते माझ्यासाठी नव्हतेही. मग त्यांनी बटण दाबलं आणि रकाना रिकामा झाला.

मी मागं उभा आहे हे त्यांच्या लक्षात आलं.

"पुन्यानुमोदनाला समदे बोलले हुते साहेब," त्या म्हणाल्या. "मीच तेवढी बोलले नव्हते."