दोन विती

लकवा मारून गेल्यावर माझ्या बाबांनी एकच हट्ट धरला, जेवीन तर स्वतःच्याच हातानं. आणि उजवा हात तर उचलत नव्हता. आई घास भरवायला बसली की ते मान फिरवायचे, दोन घासांवर ताट सरकवायचे, आणि त्यांची मनधरणी करता करता आईचं जेवण रोज गार व्हायचं. माणूस डोळ्यांदेखत वाळत चालला होता. मला भीतीनं रडू यायचं, पण रडायचं सोडून मी त्यांच्यावरच खेकसायची. माझा स्वभावच तसला, काय करणार!

व्यायाम करून घ्यायला आमच्या सक्करदऱ्याच्या घरी एक फिजिओथेरपिस्ट मुलगी यायची. मोठी गुणी पोर. हात खांद्यातून किती वर जातो ते तिनं कोनमापकासारख्या पट्टीनं मोजलं आणि आनंदानं म्हणाली, "वा काका, तीस!"

ती गेली आणि बाबांनी व्यायामच सोडला. विचारून विचारून आमची तोंडं दुखली, तेव्हा कुठे बोलले.

"ते पोरगी मले नापास करून राहिली. पस्तीसबी नाही भेटले."

मी शाळेत विज्ञान शिकवते. एकक सांगितल्याशिवाय आकड्याला काही अर्थ नाही, हे वर्गात घसा फोडून सांगत असते. तेव्हा पदर खोचून सरसावले.

"बाबा, ते मार्क नाहीत, अंश आहेत. हात सरळ वर गेला की एकशेऐंशी होतात."

"म्हणजे एकशेऐंशीपैकी तीस?" बाबांचा चेहरा पार पडला. "हे तं अजूनच वाईट."

घ्या! शिकवायला गेले आणि होतं नव्हतं ते घालवून बसले.

आई इतका वेळ ऐकत होती. "तुये अंश राहू दे वं," ती मला म्हणाली. "घास ताटातून तोंडात जायाले पाहिजे ना? मंग तेवढंच मोजू." तिनं बाबांपुढच्या टेबलावर ताट ठेवलं आणि ताटापासून त्यांच्या ओठांपर्यंत वीत टाकत गेली. "अडीच."

बाबा एकदम ताठ झाले. "तुह्या हातानं काहून मोजतं? हात माहा उचलाचा हाये का तुहा?"

आम्ही विणकर. घरात माग होते तेव्हा जो मागावर बसेल, त्याच्याच हातानं लुगडं मोजायचं, अशी रीत होती. दुसऱ्यानं हात लावला की भांडण ठरलेलं. बाबांनी धडधाकट डावा हात पसरला आणि स्वतःच्या लांबलचक वितीनं मोजलं.

"पाहा. दोनच हाये."

अंतर तेवढंच आहे, वीत मोठी म्हणून आकडा लहान आला, हे माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. आईनं माझ्याकडे असं पाहिलं की मी ते गिळून टाकलं.

दुसऱ्या दिवसापासून बाबा न सांगता व्यायामाला बसू लागले. अर्धी वीत झाली की हाक मारायचे, घाम पुसायचे, पुन्हा सुरू. त्या मुलीलाही ते वितीतच सांगायचे आणि ती बिचारी हसून तिचे अंश मुकाट लिहून घ्यायची. मधे काही दिवस हात एकाच जागी अडला, तेव्हा चिडून मलाच बोल लावले. मीही ऐकून घेतलं.

मग एका दुपारी वरणभाताचा घास थरथरत वर गेला. निम्मा सदऱ्यावर सांडला, निम्मा तोंडात. बाबांनी तो सावकाश चावला, गिळला आणि हात पुन्हा ताटात घातला.

मी घळाघळा रडले. आईनं आत जाऊन स्वतःचं ताट वाढून आणलं आणि त्यांच्याशेजारी बसून, किती महिन्यांनी कोण जाणे, गरम जेवली.