बाकांवरच्या खुणा

आमच्या गावात कोणालाही पत्ता विचारा, तो मेथॉडिस्ट चर्चपासूनच सुरू होतो. चर्चसमोर पोस्ट, डाव्या हाताला बेकरी, मागे पाण्याची टाकी आणि टाकीच्या पायथ्याशी सुताराचं दुकान. तो स्वतः चर्चचा सभासद नव्हता, पण तिथल्या प्रत्येक दाराखिडकीवरून त्याचा हात फिरलेला. दुकानात तो आणि त्याची थोरली बहीण. करवत त्याची, पॉलिश ताईचं आणि शेवटचा शब्दही ताईचाच.

यंदा चर्चच्या चौदाही बाकांच्या पायांना वाळवी लागली. बाक वखारीत देऊन प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणाव्यात, असं कमिटीच्या चिटणिसांचं मत. पाळकसाहेबांचा जीव मात्र बाकांत अडकलेला. सुतार म्हणाला, "तीन आठवडे द्या. त्यानंतर एक जरी बाक डुगडुगला, तर खुशाल खुर्च्या आणा."

चिटणिसांनी हे वाक्य मिटिंगच्या वहीत जसंच्या तसं उतरवून घेतलं.

चर्चची फरशी जुनी, दगडी आणि उंचसखल. कोणे काळी कोणीतरी प्रत्येक बाकाचे पाय त्याच्या जागेपुरते कमीजास्त कापून बसवले होते. सुताराला हे पहिल्याच दिवशी कळलं. त्याने प्रत्येक बाकावर पेन्सिलीने जागेचा नंबर घातला, जुने पाय नव्या लाकडावर ठेवून खुणा केल्या आणि नवे पाय बरोब्बर तेवढेच कापले.

शनिवारी दुपारी बाक हातगाडीवरून परत आले. पहिला ठेवला, डुगडुगला. दुसराही. नंबर बघायला सुतार खाली वाकला आणि तसाच राहिला.

"काय रे, कंबर धरली?" ताईने विचारलं.

"नंबर पायांवर लिहिले होते, ताई."

"कुठल्या पायांवर?"

"जुन्या."

"म्हणजे ज्यांच्या जाळावर मी तीन आठवडे सरसाचं भांडं तापवलं, त्या." ताई शांतपणे म्हणाली. "शहाणाच आहेस. जे कापायचं, पत्ता त्याच्यावरच लिहिलास."

मी, गावातली शाळेची बाई, तिथेच फुलदाण्या पुसत होते. सागवानी बाक, एकेक उचलायला चार माणसं. प्रत्येक बाक चौदा जागी फिरवून बघायचा, तर रविवार उजाडला असता. मी म्हटलं, "पाचरी मारून घे. कोणाला कळतंय?"

"पाचरीने बाक हलायचा थांबतो, बाई. मग सुताराचं नाव हलायला लागतं."

घाबरल्याचं चिन्ह नव्हतं. तो फरशीवर मांडी घालून बाकांकडे बघत बसला. ताई म्हणाली, "बैठकींना मी रंधा लावू दिला नाही, ते आठवतंय ना? माणसांनी गुळगुळीत केलेलं लाकूड रंध्याला द्यायचं नाही, असं बाबा म्हणायचे. त्याचा उपयोग कर आता."

सुताराने खिडकीच्या उजेडात एका बाकाच्या बैठकीवरून तळवा फिरवला. "बाई, हा नुसत्या कडेलाच झिजलाय. टोकावर अर्धवट कोण बसतं?"

"दवाखान्यातली नर्स. बोलावणं कधी येईल सांगता येत नाही, म्हणून बाजूच्या दाराशी बसते. तिसरी ओळ, उजवीकडे."

बाक तिथे ठेवला. सुताराने चारी कोपरे दाबले. हलला नाही.

"आणि पाठीवर इथे डोक्याच्या तेलाचा डाग?"

"बेकरीवाले. पहाटेपासून भट्टीपाशी असतात. प्रवचन सुरू झालं की डोळा लागतो."

पुढच्या बाकावर छत्री अडकवून पडलेली खाच होती. ते पोस्टमास्तर. आणखी एकाच्या खाली सुपारीएवढी ओबडधोबड अक्षरं कोरलेली. ती मीच शिकवलेल्या एका मुलीची. आता ती मुख्याध्यापिका आहे, म्हणून नाव सांगत नाही. अर्ध्या गावाला मी शिकवलंय. कोण कुठे बसतं, हे मला हजेरीसारखं पाठ. एकेक बाक घरी पोचला.

एकाची बैठक मात्र कोरी करकरीत. सुतार म्हणाला, "याच्यावर कोणी बसतच नाही की काय?"

"तो चिटणिसांचा. ते उपासनाभर दाराशी उभे असतात, उशिरा कोण येतं ते बघत."

ताई तोंडाला पदर लावून हसली.

रविवारी चिटणीस लवकर आले. वही काखेत धरून त्यांनी एकेक बाक दोन्ही हातांनी दाबून पाहिला. तेरा झाले. आपल्या बाकाशी आल्यावर ते थबकले.

"बसून बघा, साहेब," सुतार दारातून म्हणाला. "नुसत्या हाताला नाही कळायचं."

चिटणीस बसले. मागे रेलले, पुढे झुकले, एकदा अंगाचा सगळा भार डाव्या बाजूला टाकून पाहिला. मग वही उघडून आधीच्या वाक्याखाली त्यांनी लिहिलं, 'एकही डुगडुगला नाही.' त्या दिवशी ते दाराशी गेलेच नाहीत. बेकरीवाल्यांच्या आधी त्यांचाच डोळा लागला.

उपासना संपून माणसं पांगली, तेव्हा सुताराने कानावरची पेन्सिल काढली आणि तो पहिल्या बाकापाशी वाकला.

"कुठे लिहितोयस?" ताईने विचारलं.

पेन्सिलीचं टोक नव्या पायाला टेकलं होतं.

"इकडे आण ती पेन्सिल," ताई म्हणाली, "आणि बाक आडवा कर." मग फरशीवर बसून तिने बैठकीच्या खालच्या अंगाला एकचा ठसठशीत आकडा काढला.