चिंध्या पुढे कुठे जातात

आमच्या इमारतीत तळमजल्यावर पडदे शिवणाऱ्या एक बाई राहतात. सगळे त्यांना काकू म्हणतात. त्यांचा नवरा मात्र त्यांना ‘चौकशी खिडकी’ म्हणतो. तो लिफ्ट दुरुस्त करतो. बोलतो कमी, पण बोलला की नेमकं. “इतर ऑफिसांतली खिडकी जेवणाच्या सुट्टीत बंद होते, आमच्याकडे ती सोय नाही,” असं तो कोणालाही हसतहसत सांगतो.

काकूंना खरोखरच सगळं जाणून घ्यायचं असतं. नळ दुरुस्त करायला माणूस आला, की वॉशर कशाचा करतात इथून सुरुवात होते आणि गाडी त्याच्या सासूच्या गुडघेदुखीवर येऊन थांबते. पण कोणी वैतागत नाही, कारण काकू उत्तर मन लावून ऐकतात. मी वरच्या मजल्यावर राहते. माझ्या अर्ध्या गोष्टी मला स्वतःला काकूंना सांगताना समजल्या आहेत.

त्यांची मुलगी नववीत होती, तेव्हा शाळेने परदेशातल्या एका शाळेशी देवाणघेवाण ठरवली. तिकडची मुलं इथे दोन आठवडे राहणार, पुढे इकडची तिकडे जाणार. विषय होता शाश्वत विकास आणि अर्थव्यवस्था. मुलीने शाळेचं पत्रक वाचून दाखवलं, तर काकू म्हणाल्या, “म्हणजे निसर्गही राहायला हवा आणि चूलही पेटायला हवी, एवढंच ना? मग इतकं लांबलचक कशाला लिहिलंय?”

पाहुणी आली ती उंच, किडकिडीत, नाकावर बारीक ठिपके असलेली मुलगी. काकूंच्या पुढच्या खोलीत शिलाई मशीन, कापड कापायचं लांब टेबल आणि भिंतीला टेकलेले तागे. त्यातूनच वाट काढत आत जावं लागतं. पाहुणी अंग चोरून आत आली आणि ताग्यांकडे बघत राहिली. बोलली मात्र जेमतेम. पहिल्याच संध्याकाळी काकूंनी आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत तिला घेरलं. तुमच्याकडे बर्फ पडल्यावर दूधवाला येतो का? घर गरम ठेवायचं बिल कोण भरतं? खिडक्या उघडतच नाहीत, तर खोलीचा कोंदट वास कसा जातो?

“आई, ती पाहुणी आहे, आरोपी नाही,” मुलगी पुटपुटली.

“अगं, मी काय मारतेय का तिला?”

शाळेने प्रत्येक जोडीला एक काम दिलं होतं. रोजच्या वापरातली एखादी वस्तू निवडायची आणि ती येते कुठून, संपते कुठे, ते शोधायचं. मुलगी म्हणाली, “प्लॅस्टिकची बाटली घेऊ. सगळं नेटवर तयार मिळतं.” पाहुणी टेबलाखाली बघत होती. तिथे चिंध्यांचं पोतं होतं. पडदे कापून उरलेले तुकडे काकू त्यात टाकत.

“आणि हे कुठे जातं?” तिने विचारलं.

“भंगारवाला नेतो.”

“मग?”

“मग ते पुढे जातं.”

“पुढे कुठे?”

काकूंनी कात्री खाली ठेवली. नळवाल्याच्या सासूचा गुडघा त्यांना पाठ होता, पण इतकी वर्षं स्वतःच्या हाताने भरलेली पोती कुठे जातात, हे त्यांनी कधीच विचारलं नव्हतं. नवरा आतून म्हणाला, “आज खिडकीला तोडीस तोड गिऱ्हाईक मिळालं!”

शनिवारी तिघी निघाल्या. भंगारवाल्याने गोदामाचा पत्ता दिला होता. पत्र्याचं उंच छप्पर, खाली चिंध्यांचे डोंगर आणि त्यांच्यामध्ये बसून तुकडे निवडणाऱ्या बायका. गोदामाची मालकीण गळ्यात दोरीने चष्मा अडकवलेली, आवाजाने खणखणीत. कोणीतरी आपल्याकडे बघायला आलंय याचंच तिला अप्रूप वाटलं. तिने सगळं फिरवून दाखवलं. पांढरं सुती कापड यंत्रं पुसायला कारखान्यांत जातं. रंगीत तुकडे शेजारच्या गल्लीत, गाद्यांच्या कारखान्यात. तिथे दात असलेलं एक यंत्र चिंध्या ओरबाडून त्यांचा कापूस करत होतं. हवेत इतके तंतू उडत होते, की पाहुणीला शिंकांवर शिंका आल्या आणि त्या आवरता आवरता ती खदखदून हसायला लागली. या घरात आल्यापासून पहिल्यांदाच.

परत गोदामात आल्यावर काकूंना कोपऱ्यात वेगळा ढीग दिसला. फिकट पिवळ्यावर बारीक पानांची नक्षी. ते त्यांचंच कापड होतं, एका दवाखान्यासाठी शिवलेल्या ब्लॅकआउट पडद्यांचं. उजेड अडवायला त्याला मागून रबरासारखा थर असतो.

“हे कुठे जातं?”

“हे कुठेच जात नाही, ताई,” मालकीण म्हणाली. “थर कापडाला सोडत नाही आणि कापड थराला. कोणी हात लावत नाही. कचऱ्याच्या गाडीत टाकतो.”

“मग घेता कशाला?”

“तुमच्या पोत्यातलं बाकीचं चांगलं असतं. त्याच्याबरोबर हे गळ्यात पडतं.”

काकूंचा चेहरा उतरला. परतीच्या बसमध्ये त्यांनी पाहुणीला विचारलं, “तुमच्याकडे कापड कुठून येतं गं?”

“बाहेरून. आता सगळं बाहेरून येतं,” ती म्हणाली. “आधी आमच्या गावातच गिरणी होती. आजोबा तिथे कापड रंगवायच्या खात्यात होते. ज्या दिवशी निळा रंग असायचा, त्या दिवशी नदीही निळी व्हायची. मग कायदे कडक झाले. मालक म्हणाले परवडत नाही, आणि गिरणी बंद झाली.”

“आणि नदी?”

“आता स्वच्छ आहे. मासे आलेत. आम्ही सगळे उन्हाळ्यात पोहतो. आजोबा नाही पोहत.”

“का?”

“ते म्हणतात, या नदीने माझं काम खाल्लं.”

बस थांब्यावर थांबली, माणसं चढली-उतरली. काकूंनी पाहुणीचा हात हातात घेतला. मुलगी मला नंतर म्हणाली, “मावशी, आईला पुढचा प्रश्न सुचला नाही, असं मी पहिल्यांदा बघितलं.”

शेवटी शाळेच्या सभागृहात सगळ्या जोड्यांनी आपापलं काम मांडलं. आम्हीही गेलो होतो. प्रत्येकाच्या शेवटी ‘उपाय’ होते आणि भोवती हिरवी पानं काढलेली होती. या दोघींनी शेवटी पाहुणीच्या गावचे दोन फोटो दाखवले. एकात नदीत पोहणारी मुलं, दुसऱ्यात गिरणीचं गंजलेलं फाटक. मुलगी म्हणाली, “आम्हाला उपाय सापडला नाही.” सभागृहात कुजबुज झाली. पाहुण्यांबरोबर आलेले अर्थशास्त्राचे सर पुढच्या रांगेत होते. त्यांनी आपल्या विद्यार्थिनीला शांतपणे विचारलं, “गिरणी पुन्हा सुरू व्हावी असं तुला वाटतं का?”

ती म्हणाली, “आजोबांसाठी वाटतं. नदीकडे बघितलं की नाही वाटत. मला दोन्ही हवंय, आणि ते कसं जमवायचं मला माहीत नाही.”

सर म्हणाले, “मलाही पूर्ण माहीत नाही. बस खाली.” आणि टाळ्या त्यांनीच आधी वाजवल्या.

मग पालकांना काही विचारायचंय का, असं मुख्याध्यापिकांनी म्हणताच काकूंचा नवरा खुर्चीत खाली सरकला. त्याला पुढचं दिसलं होतं. काकू उभ्या राहिल्या.

“गिरणी बंद झाली, पण कापड तर येतंच आहे. मग ते रंगाचं पाणी आता कुठे सोडतात?”

सरांनी मान डोलावली. “मलाही हाच प्रश्न पडला होता, म्हणून मी शोधलं. कारखाने वेगवेगळ्या देशांत गेले, त्यातले काही तुमच्याही देशात आले. काही ठिकाणी पाणी शुद्ध करायच्या टाक्या आहेत आणि त्या नीट चालवतात. काही ठिकाणी नुसत्या बांधून ठेवल्यात. तुमच्या गावातही असा एक कारखाना आहे, पण त्याचं मला ठाऊक नाही. तुम्ही पाहिलाय का?”

“नाही,” काकू म्हणाल्या. “पण आहे कुठे तो?”

सभागृह हसलं. मागून एका पालकाने सांगितलं, “कालव्याच्या रस्त्याला, पाण्याच्या टाकीच्या पुढे.”

पाहुणी परत गेली, तेव्हा दोघी मुली एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. पुढे एका रविवारी तिने व्हिडिओ कॉल लावला आणि शेजारी आजोबांना बसवलं. भुवया पांढऱ्या, चेहरा रागीट. काकूंना वाटलं, हे काय बोलणार? पण त्यांनी मशीनवरचं कापड पाहिलं आणि नातीमार्फत एकेक विचारायला सुरुवात केली. कापड उलटं करा. उजेडात धरा. पाण्यात टाकल्यावर रंग सुटतो का? काकू धावतपळत एकेक करून दाखवत होत्या. कॉल संपला तेव्हा नवरा म्हणाला, “तिकडे तर अख्खं चौकशी कार्यालय आहे!”

काकूंचं कामही थोडं बदललं. ब्लॅकआउट पडदे मागणाऱ्याला त्या आता आधी विचारतात, दाट सुती कापडाचे दुहेरी पडदे चालतील का? काहींना चालतात. दवाखान्याला नाही चालले, तिथे काळोखच हवा होता. ते काम त्यांनी तसंच करून दिलं. “नाही म्हणून घर कसं चालवू?” असं त्या मला म्हणाल्या, आणि हे बोलताना त्यांना बरं वाटत नव्हतं, हेही मला दिसलं.

मग त्या कालव्याच्या रस्त्यावरच्या कारखान्यात गेल्या. फाटकावर दोनदा नकार मिळाला. तिसऱ्या वेळी व्यवस्थापक स्वतः बाहेर आला. अर्धा तास देतो म्हणाला, आणि काकूंनी त्याची अख्खी दुपार घेतली. तापलेल्या हौदांतून कापड कसं फिरतं, रंग कापडाला कशाने धरतो, पाणी एका टाकीतून दुसरीत जाताना कसं निवळत जातं, सगळं पाहिलं. जिथून पाणी बाहेर सोडतात ती शेवटची टाकी तेवढी भिंतीपलीकडे होती. तिचं कुलूप उघडायला माणूस नाही, असं सांगितलं गेलं.

घरी आल्या तेव्हा चपला निळ्या झाल्या होत्या आणि पायांवर घोट्यापर्यंत निळे शिंतोडे होते. त्या दारातच उभ्या राहून मला सगळं सांगत होत्या.

“कुलूपवाला माणूस गुरुवारी असतो म्हणे,” त्या म्हणाल्या. “तू येतेस का माझ्याबरोबर?”

मी हो म्हटलं.