बसा भाऊ!

किस्से कुठं ठरवून गोळा होतात? संत्र्याच्या दिवसांत घरात कुठंही हात घाला, सालपट सापडतंच. आमच्या शनिवारच्या मीटिंगचं तसंच आहे. दारू सोडू पाहणारी माणसं पांढुर्ण्यात एका खोलीत जमतात, बोलतात, चहा पितात. चहा मी करते. मी कधी थेंबही घेतलेला नाही. माझे यजमान घ्यायचे, आणि त्यांची याच खोलीत सुटली. यंदा ते हृदयविकारानं गेले. गावानं लगेच निकाल दिला, "दारूनंच गेला!"

त्या निकालावर माझं अपील आहे.

*

यांनी मीटिंग शोधली ती गोष्ट. आमच्या गावात, सौंसरात, ओळखी फार, म्हणून हे बस पकडून पांढुर्ण्याला गेले. तिथं 'बैठक' भरते एवढंच कळलं होतं. स्टँडजवळच्या पानठेल्यावर यांनी हळूच विचारलं, "भाऊ, शनिवारची बैठक कुठं राहते?"

आता आपल्याकडं 'बसणं' म्हणजे बाटली उघडून बसणं, हे लहान पोरालाही ठाऊक! पानवाल्यानं मोठ्या आपुलकीनं पत्ता दिला, "मांगच्या दारानं जा. सामनेच्या दारातून लोकं पाहून राहते. आन् फुटाणे इथूनच घेऊन जा, तिथं महाग देते!"

यांनी फुटाणे घेतले, गल्लीत शिरले, वास आला तसे मागं फिरले.

"मीटिंग काही सापडली नाही," हे सांगायचे, "फुटाणे मात्र ताजे होते."

*

पुढच्या शनिवारी खोली सापडली. दारातून आत पाहतात तो पहिल्याच खुर्चीवर देवरावभाऊ! सौंसरात आमच्या भिंतीला भिंत लागून घर असलेले!

"तुम्ही? इथं?"

"ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून आलो बाप्पा!"

"मी पण त्याच्याचसाठी!"

मग देवरावभाऊंनी शेजारच्या खुर्चीवरची धूळ रुमालानं झटकली आणि म्हणाले, "बसा भाऊ. इथं कोणी जबरदस्ती नाही करत."

पुढं प्रत्येक नव्या माणसाला ते हेच म्हणत आले. आपल्या गावात बदनाम झालेला तो शब्द त्यांनी असा धुऊन काढला.

तरी सुरुवातीला दोघं एकाच बसनं जात, पण वेगवेगळ्या सीटवर बसून. कुणाला ओळख दिसू नये!

*

मीटिंगचा एक नियम आहे, आडनाव सांगायचं नाही. एकदा एक नवा गृहस्थ उभा राहिला, "मी फक्त दिलीप."

मागून आवाज आला, "मोहगावचे काय?"

"हो."

"मंग तुम्ही तं आमच्या मावशीचे जावई! त्या दिवशी लग्नात मांडवात पडले होते ते तुम्हीच ना?"

"मीच," दिलीपभाऊ म्हणाले, आणि बसले. आडनाव मात्र शेवटपर्यंत कुणीच घेतलं नाही. नियम म्हणजे नियम!

*

माझ्या चहाबद्दल. दूध लवकर नासतं म्हणून मी काळाच करते, वर आलं घालते सढळ हातानं. पहिल्या घोटाला देवरावभाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं.

"वैनी, असा चहा पाजसान तं माणूस वापस दारूकडे जाईन!"

"जाऊन दाखवा," मी म्हटलं.

त्यांनी गिलास पुन्हा पुढं केला.

*

बोरगावच्या लग्नातला किस्सा. यांचे चुलतभाऊ सुधाकर, म्हणजे माझे दीर, मांडवामागं यांचा हात धरून बसले. "घे ना दादा. एकानं काय होते?"

"एकानंच होते," हे म्हणाले. "दुसरा तं मी कधी मागितलाच नाही. तो आपल्या मनानंच येत जाय!"

*

आणि हा यांच्या दहाव्याचा.

नदीवर पिंड ठेवला होता. कावळा वर घिरट्या घाली, पण उतरेना. ऊन चढलं. नातेवाईक कुजबुजू लागले, "काहीतरी राहून गेलं त्याचं."

सुधाकरभाऊजींनी पिशवीत हात घातला. पव्व्याचं झाकण मला दिसलं. "वैनी, दादाले आवडत होती. जरासी ठेवू द्या. मेल्यावर तरी मन मारू नका त्याचं."

दोन-चार जणांनी माना डोलावल्या. एक थेंब तिथं पडला असता, तर गावाचा निकाल कायम झाला असता.

"हे सुटून गेले, भाऊजी," मी म्हटलं. "सुटलेलेच राहतील."

"आता कोण पाहून राहिलं, वैनी?"

"आम्ही!"

मागं वळून पाहिलं. देवरावभाऊ, दिलीपभाऊ, शनिवारची सगळी खोली उभी होती. देवरावभाऊंच्या हातात माझाच थर्मास. ते पुढं आले, पिंडाशेजारी स्टीलचा गिलास ठेवला आणि काळा चहा ओतला. आल्याचा वास सगळ्यांपर्यंत गेला.

सुधाकरभाऊजींचा हात पिशवीतच राहिला.

देवरावभाऊंनी वर पाहिलं, रुमाल काढला, पिंडाजवळचा दगड झटकला.

"बसा भाऊ," ते म्हणाले. "इथं कोणी जबरदस्ती नाही करत."

कावळा बसला.