चालत्या घरगाडीतला पंखा

पनवेलच्या तळ्याकाठून सकाळी उरणच्या वाटेला लागलो तेव्हापासूनच मनात धाकधूक होती. आमची घरगाडी म्हणजे युद्धानंतर मोडीत निघालेली लष्करी रुग्णवाहिका. पुण्यात सुतार बोलावून मी तिच्यात बाकं, कपाट, दिवा आणि छोटा पंखा बसवून घेतला होता. पण इंजिनाला आणि दिवा-पंख्याला बॅटरी एकच, तीही जुनी. आदल्या मुक्कामात उकाड्यामुळे पंखा पहाटेपर्यंत चालला आणि सकाळी इंजिन चालू करायला हँडल मारमारून माझे खांदे भरून आले.

"गाडी चालू असताना पंखा लावायचा नाही, बॅटरी भरू दे," मी बायकोला, कुसुमला, बजावलं.

"बरं बाई," ती म्हणाली आणि वर्तमानपत्राने वारा घेऊ लागली.

दोन्ही बाजूंना आगरं (मिठागरं) पसरली होती. वैशाखाच्या उन्हात वाफ्यांतलं पाणी डोळ्यांना खुपत होतं. एका झोपडीपाशी तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी मिळाली. दुसरा घास घेतो तोच एक माणूस बांधावरून धावत आला. हिरू त्याचं नाव.

"दादा, माजी बायको आगरान पडलीय. डोलं उघडते, पन बोलत नाय. पनवेलला न्याल काय?"

त्याच्या बायकोला, चांगुणाला, आत बाकावर निजवलं. तिचं अंग तव्यासारखं तापलं होतं. कुसुमने पातळ भिजवून तिच्या अंगावर टाकलं आणि मला न विचारता पंख्याचं बटण दाबलं. मी हँडल मारलं, गाडी वळवली.

पुढे मिठाच्या बैलगाड्यांची रांग. रस्ता अरुंद, बाजूने पुढे काढायला जागा नाही. गाडी बैलांच्या चालीने चालली की डायनमो बॅटरी भरेना. समोरचा बॅटरीचा काटा डावीकडे, वजाकडे, झुकला आणि तिथेच राहिला.

"कुसुम, पंखा बंद कर! इंजिन मरेल!"

"करणार नाही. आत्ता कुठे तिला घाम फुटतोय."

"गाडीच थांबली तर काय करशील?"

"आणि हिचा श्वास थांबला तर?"

हिरू आळीपाळीने आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहत होता. खाडीवरच्या पुलाच्या अलीकडे इंजिनाने दोन उचक्या दिल्या आणि ते बंद पडलं. पंख्याची पातीही हळूहळू थांबली. हँडल मारलं, पण ठिणगीच पडेना. आपण नेतो म्हणालो नसतो, तर एव्हाना बैलगाडीने तरी ती पुढे गेली असती, हेच डोक्यात.

हिरू खाली उतरून ओरडला, "आरं या रं! आमची बाय मरतेय!"

मागून येणारे गाडीवान बैल सोडून धावले. सात-आठ जणांनी मागून जोर लावला. आत कुसुम आता वर्तमानपत्राने चांगुणाला वारा घालत होती. पंख्याचं बटण तिने स्वतःच बंद केलं होतं. पुलाच्या उतारावर मी क्लच सोडला. इंजिन खोकलं, गचका बसला, आणि चालू झालं. पलीकडे रस्ता थोडा रुंद होता; तिथे पुढच्या गाडीवानांनी बैल अगदी कडेला ओढून आम्हाला वाट करून दिली. पनवेलपर्यंत मी ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला नाही.

दवाखान्यातल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी नाडी पाहिली, सलाईन लावलं. मग हिरूकडून वाटेतलं ऐकून ते बाहेर आले आणि म्हणाले, "अंग गार ठेवलंत, फार बरं केलंत. पण वाटेत थांबलात कशाला? वेळ फार थोडा होता."

मी कुसुमकडे पाहिलं नाही. तिनेही माझ्याकडे नाही.

संध्याकाळी चांगुणा उठून बसली. तिने पेज मागितली आणि "माजं फावडं कुनी उचललं?" म्हणून हिरूला दटावलं. तो तोंड फिरवून रडत होता. दुसऱ्या दिवशी आम्ही घाट चढून परतलो. खंडाळ्यापाशी कुसुम एवढंच म्हणाली, "तुम्हीही खरं बोलत होतात."

पुण्यात आल्या आल्या मी गाडी मिस्त्रीकडे नेली आणि मागच्या भागासाठी वेगळी बॅटरी बसवायला सांगितलं. त्याने आत डोकावून पाहिलं. दोन बाकं, एक पंखा.

"साहेब, दोन माणसांना कशाला लागते एवढी वीज?"

"लागते," मी म्हणालो.